मुलांच्या लसी व कारखान्याची वाट

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शेवगाव, जामखेड ह्या तालुक्यांतील वस्त्यांवर मुकादमाची गाडी येऊन उभी राहते, आणि चार-आठ दिवसांत निम्मे गाव रिकामे होते. उचल आधीच घेतलेली असते. कोयते, भांडी, पिठाचा डबा, एखादी शेळी आणि तान्ही मुले ट्रॉलीत चढतात, व घरी म्हातारी माणसे तेवढी राहतात. त्या दिवसांत उपासनेच्या वेळी सतरंजी किती मोकळी दिसते हे आमच्या उपदेशक बंधूंस सांगावयास नको. आजच्या धड्याचा विषय ह्याच प्रवासाशी निगडित आहे. मुलास लस टोचावी की न टोचावी, हा वाद आता आमच्या बहुतेक कुटुंबांत राहिलेला नाही. बाळंतपण दवाखान्यात होते, तेथेच पहिल्या लसी मिळतात, व आईबाप त्या आनंदाने देऊ देतात. अडचण पुढे आहे. पहिली मात्रा मिळते, दुसरी मिळते, आणि तिसरीची वेळ येते तेव्हा ते मूल घरापासून शंभर कोस दूर उसाच्या फडाच्या कडेला झोळीत निजलेले असते.

लसीचे काम कसे चालते हे प्रथम पाहू. आमच्या शरीरात रोगाशी झगडणारे पहारेकरी देवाने ठेवलेले आहेत; परंतु जो चोर त्यांनी कधी पाहिला नाही त्यास ओळखण्यास त्यांना वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात चोर घर लुटून नेतो. लस म्हणजे त्या चोराचे तोंड आगाऊ दाखवून ठेवणे होय. मेलेला किंवा दुर्बळ केलेला रोगजंतू, अथवा त्याचा एखादा अंश, थोड्या प्रमाणात शरीरात जातो. त्यापासून तो रोग होत नाही, पण पहारेकरी त्याला ओळखू लागतात. एकदा पाहिलेला चेहरा माणूस विसरतो, तसेच शरीरही विसरते. म्हणून बहुतेक लसी पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात. ही मात्रा, जिला नर्सबाई डोस म्हणतात, दुसऱ्यांदा व तिसऱ्यांदा देण्याचे कारण पहिली वाया गेली असे नव्हे. पहिलीने ओळख होते व पुढच्यांनी ती पक्की होते.

ह्या विद्येचा आरंभ देवीच्या रोगापासून झाला. इंग्लंडातील एडवर्ड जेन्नर नामक वैद्याने १७९६ साली, गाईंपासून माणसांस लागणाऱ्या फोडांतील लस एका मुलाच्या दंडावर टोचून, त्यास देवीपासून अभय मिळते हे दाखवून दिले. सहा वर्षांनी, १४ जून १८०२ रोजी, मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती लस टोचण्यात आली. हिंदुस्थानात ही लस यशस्वीपणे घेणारी ती पहिली. त्या काळी बर्फाची पेटी नव्हती. एका मुलाच्या दंडावरील फोडातून लस घ्यावयाची व दुसऱ्याच्या दंडावर टोचावयाची, अशा रीतीने ती मुंबईहून पुण्याकडे व पुढे इतर प्रांतांत हातोहात गेली. लोकांनी पुष्कळ शंका घेतल्या. ज्या रोगाचे नावच देवी, त्याच्या आड येणे म्हणजे तिचा कोप ओढवून घेणे, असे शहाणीसुरती माणसेही समजत. तरीही काम चालू राहिले. २४ मे १९७५ रोजी आसामातील करीमगंज येथे भारतातील शेवटची देवीची रोगी सापडली, १९७७ साली देश ह्या रोगापासून मुक्त झाल्याचे ठरले, आणि १९८० साली सर्व जगातून देवी नाहीशी झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. वाचकांस पुरावा हवा असेल तर आपल्या मंडळीतील साठी ओलांडलेल्या कोणाही भावाचा किंवा बहिणीचा दंड पाहावा. तेथे रुपयाएवढा व्रण दिसेल. त्यांच्या नातवंडांच्या दंडावर तो नाही, कारण त्यांना त्याची गरजच उरली नाही. नातवंडांच्या डाव्या दंडावर जो लहानसा व्रण दिसतो तो क्षयाच्या लसीचा, म्हणजे बीसीजीचा होय.

आता मुलांस कोणत्या लसी केव्हा देतात हे जाणून घेऊ. जन्मताच बीसीजी, पोलिओचे थेंब, आणि चोवीस तासांच्या आत कावीळ ब ह्या रोगाची लस. त्यानंतर सहा, दहा व चौदा आठवडे भरल्यावर पेंटाव्हॅलंट, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब व हिब नावाच्या जंतूपासून होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर ह्या पाचांवरील लस. तिच्याबरोबर पोलिओचे व जुलाबाच्या रोटा विषाणूवरील थेंब. पोलिओचे इंजेक्शन आणि न्यूमोनियावरील पीसीव्ही ह्यांच्या पाळ्या ह्याच भेटींत व पुढे नवव्या महिन्यात येतात. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची पहिली मात्रा व अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा, आणि त्रिगुणी व पोलिओची बळकटी देणारी मात्रा. पाच-सहा वर्षांचे झाल्यावर पुन्हा त्रिगुणी, दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात व घटसर्पाची टीडी. ही सर्व यादी मुखोद्गत करावी असा आमचा आग्रह नाही. ती माता-बाल संरक्षण कार्डावर छापलेली असते. आग्रह आहे तो तारखा मोजण्याचा.

एक उदाहरण घेऊ. समजा एक बालक १० फेब्रुवारीस जन्मले. त्याचे सहा आठवडे २४ मार्चला, दहा आठवडे २१ एप्रिलला व चौदा आठवडे १९ मेला भरतात. ह्यांपैकी शेवटच्या दोन वेळी कुटुंब बहुधा गावी परतलेले असते, म्हणून त्या मात्रा बहुधा मिळतात. पण नऊ महिने केव्हा भरतात? १० नोव्हेंबरला. तोपर्यंत गाडी निघून गेलेली असते. दुसरे बालक १५ ऑगस्टला जन्मले असे धरा. त्याची पहिली मात्रा २६ सप्टेंबरला गावी होते, दुसरी २४ ऑक्टोबरला निघण्याच्या गडबडीत राहून जाते, व तिसरी २१ नोव्हेंबरला, जेव्हा गावातील अंगणवाडीत त्याचे नाव पुकारले जाते आणि उत्तर देण्यास कोणी नसते. पट्टा पडून एप्रिलात आईबाप घरी येतात, तोवर ती लस टोचावयाची होती हेच विसरलेले असते. ह्यात आईबापांचा आळस आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. फडावर सूर्योदयापूर्वी जावे लागते, एक दिवस मोडला तर मुकादम पैसे कापतो, आणि परक्या गावात दवाखाना कोठे आहे हेही ठाऊक नसते.

ज्या लसीची वेळ अशी हुकते तिच्यात गोवराची लस मुख्य आहे, म्हणून त्या रोगाविषयी दोन शब्द अधिक लिहितो. पुष्कळांस गोवर म्हणजे अंगावर पुरळ येऊन आठ दिवसांत जाणारा साधा विकार वाटतो. तसा तो नाही. एका गोवराच्या रोग्यापासून, ज्यांस पूर्वी गोवर वा लस झालेली नाही अशा बारा ते अठरा जणांस तो लागू शकतो. रोगी खोपीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तेथील हवेत विष राहू शकते. सशक्त मूल बहुधा त्यातून उठते; परंतु ज्या मुलाचे पोट भरत नाही त्यास त्यामागून न्यूमोनिया, जुलाब, कान फुटणे, आणि डोळ्यांवर फूल पडून अंधत्व, अशी संकटे येतात. पुरळ गेल्यानंतरही पुष्कळ दिवस शरीराचे पहारेकरी दुर्बळ राहतात. आता कारखान्याचा तळ डोळ्यांपुढे आणा. उसाच्या पाचटाच्या खोपी एकमेकींस चिकटून असतात, दहा गावांची मुले एका ठिकाणी खेळतात, आणि त्यांच्यापैकी किती जणांस दोन्ही मात्रा मिळाल्या हे कोणासच ठाऊक नसते. गोवरास ह्याहून सोयीचे स्थान मिळणार नाही. नवव्या महिन्यातील एका मात्रेने शंभरांपैकी सुमारे पंच्याऐंशी मुलांस संरक्षण मिळते. दुसरीने उरलेल्यांपैकी बहुतेकांस मिळते. शंभरांत पंच्याण्णव मुले अशी सुरक्षित असली म्हणजेच रोगास वाट सापडत नाही. कोविडच्या साथीत नेहमीचे लसीकरण मागे पडले त्याचे फळ २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात व मालेगाव, भिवंडी येथे दिसून आले. गोवराने मुले दगावली, आणि त्यांतील पुष्कळांस लस मिळालेली नव्हती. ही गोष्ट आमच्याच राज्यात, दवाखान्यांनी भरलेल्या शहरात घडली.

गोवर निघाला म्हणजे देवी अंगात आली असे समजून मुलास औषध न देणे, त्याचे खाणेपिणे तोडणे व केवळ लिंबाचा पाला पसरणे, ही चाल आमच्यातील काही जुन्या कुटुंबांतही अद्याप गेलेली नाही. बाप्तिस्म्याने नाव बदलते, पण आजीची भीती घरातच राहते. अशा आजीस रागावून उपयोग नाही. लिंबाचा पाला खुशाल ठेवावा. परंतु मुलास पाणी व अन्न द्यावे, अंगावरचे दूध तोडू नये, आणि दवाखान्यात नेऊन डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे अ जीवनसत्त्वाचे डोस द्यावेत.

दुसऱ्या टोकाची एक शंका मात्र थेट विश्वासाच्या नावाने घेतली जाते, ती ही की, राखणारा देव असता टोचून घेणे हे अविश्वासाचे लक्षण नाही काय? ह्यास आमचे उत्तर अनुवादाच्या २२ व्या अध्यायात आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष घरावर येईल, अशी तेथे आज्ञा आहे. आमच्या जिल्ह्यातील माळवदाच्या घरांत राहणाऱ्यांस ती आज्ञा समजावून सांगण्याची गरज नाही. उन्हाळ्यात मुले तेथेच निजतात. कठडा बांधणारा देवावर अविश्वास दाखवीत नाही. आणि तीन बाजूंनी कठडा बांधून चौथी मोकळी सोडणाऱ्यास आपण काय म्हणू?

लसीने वांझपण येते, लसीत निषिद्ध पदार्थ असतो, लस आमच्या जातीची संख्या कमी करण्यासाठी आहे, अशा अफवा पोलिओच्या वेळीही उठल्या व २०२१ साली कोविडच्या लसीच्या वेळीही उठल्या. पोलिओचे थेंब ज्यांनी तीस वर्षांपूर्वी घेतले त्यांची मुले आज अंगणवाडीत आहेत, हे पाहिल्यावर त्या अफवेस आणखी उत्तर नको. जंगली पोलिओचा भारतातील शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला, व २७ मार्च २०१४ रोजी देश त्या रोगापासून मुक्त असल्याचा दाखला मिळाला.

गरोदर भगिनींविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. पूर्वी आमच्या खेड्यांत नाळ विळ्याने कापून तिच्यावर शेण किंवा राख लावीत. सहाव्या-सातव्या दिवशी बाळाचा जबडा बसे, ते दूध ओढीनासे होई, अंग धनुष्यासारखे ताठे, व घरचे लोक बाहेरची बाधा म्हणत. तो धनुर्वात होता. आईस गरोदरपणी टीडीच्या दोन मात्रा, चार आठवड्यांच्या अंतराने, दिल्या म्हणजे तिचे संरक्षण गर्भातल्या बाळापर्यंत पोहोचते. २०१५ साली माता व नवजात बालकांचा धनुर्वात भारतातून दूर झाल्याचे जाहीर करण्यात आले. तथापि त्याचे जंतू मातीत व शेणात तसेच आहेत आणि राहतील. जी बहीण पोटुशी असता कोयता घेऊन निघते तिने ह्या मात्रा गाव सोडण्यापूर्वी घ्याव्यात. उसाच्या फडात प्रसूतीची वेळ आली तर तेथे टीडीची सुई मिळावयाची नाही.

हे सर्व घडवून आणणार कोण? ह्यास डॉक्टर किंवा मोठी इमारत हे उत्तर नव्हे, हे आमच्या जिल्ह्यातच पन्नास वर्षांपूर्वी सिद्ध झाले आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दोघे वेल्लोर येथे शिकलेले पतिपत्नी. त्यांनी वडाळा येथील मिशन दवाखान्यात काही वर्षे काम केले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की जे रोगी खाटेवर येतात त्यांतील पुष्कळांचा रोग मुळात टाळता येण्याजोगा असतो, आणि बरा होऊन घरी गेलेला रोगी त्याच कारणाने पुन्हा येतो. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून ते परतले व १९७० साली जामखेडसारख्या दुष्काळी तालुक्यात त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आरंभी शिकलेल्या परिचारिकांकडून गावोगावी काम करविण्याचा बेत होता. पण परक्या गावात एकटीने राहणे त्यांस जड जाई, आणि लोकही त्यांस आपली म्हणत नसत. तेव्हा गावचीच एखादी बाई निवडून तिला शिकवावे असे ठरले. निवडलेल्यांपैकी पुष्कळ जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. त्या दर आठवड्यास जामखेडास येत, शिकत, व गावी जाऊन शिकविलेले करीत. कोणाच्या घरी पाळणा हलणार आहे, कोणते मूल वाळत चालले आहे, कोणी लस चुकविली, हे त्यांस विचारावे लागत नसे. पाणवठ्यावर ते आपोआप कळे. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ साली त्या भागात हजार जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत मरत; सुमारे पंचवीस वर्षांत हा आकडा ३० च्या खाली आला. लसीबरोबर स्वच्छ पाणी, जेवण, सुरक्षित बाळंतपण ह्या सर्वांचा त्यात वाटा आहे. १९७९ साली ह्या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. मेबलबाई १९९९ साली व आरोळेसाहेब २०११ साली निवर्तले. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, परंतु ह्या कामाने त्याचे जुने नाव जगभर पोहोचविलेले आहे.

२००५ सालापासून सरकारने गावोगावी ज्या आशा स्वयंसेविका नेमल्या, त्यांचे कामही पुष्कळसे ह्याच धर्तीचे आहे. म्हणून आमच्या उपदेशक बंधूंनी व बायबल स्त्रियांनी नवे काही उभारण्याची गरज नाही. त्यांच्याजवळ एक वस्तू मात्र आहे जी आशाताईंजवळ असतेच असे नाही. ती म्हणजे मंडळीची नोंदवही. त्यात प्रत्येक बालकाची जन्मतारीख लिहिलेली असते. भाद्रपदात, गाड्या निघण्यापूर्वी महिनाभर, एका संध्याकाळी ती वही उघडावी, दोन वर्षांच्या आतील मुलांची नावे काढावीत, आणि वर दाखविल्याप्रमाणे प्रत्येकाची पुढची तारीख मोजून कोणाची कारखान्यावर भरते ते पाहावे. ती यादी आशाताईंच्या हाती द्यावी. ज्याची तारीख निघण्याच्या आधी येते त्याची लस आधी उरकून घेता येईल. मात्र ठरलेल्या वयापूर्वी लस देण्याचा हट्ट नर्सबाईपाशी धरू नये. ती देणार नाही, आणि ते योग्यच आहे. ज्याची तारीख नंतर येते त्याच्या आईबापांस ते कोणत्या कारखान्यावर जातात हे विचारून लिहून ठेवावे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आमचा जिल्हा माणसे धाडतो तसा घेतोही. दक्षिणेकडील कोरडे तालुके ऊसतोडीस बाहेर पडतात. उत्तरेकडे प्रवरा-गोदावरीच्या पाटाखाली राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव येथे कारखान्यांचे तळ पडतात. प्रवरानगरचा कारखाना, आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ओळखला जाणारा, तेथलाच. तेव्हा जामखेडच्या मंडळीने केलेली यादी राहुरीच्या मंडळीस कळविली, तर तेथील बंधू रविवारी तळावर जाऊन जवळचे आरोग्य उपकेंद्र कोणते, टोचणीचा वार कोणता, एवढे सांगू शकतात. परगावच्या मुलास लस विनामूल्य मिळते. रहिवासाचा दाखला लागत नाही. यू-विन नावाच्या सरकारी संगणकीय वहीत नोंद असेल तर मोबाइलच्या क्रमांकावरून मागच्या मात्राही दिसतात. सोबतीस जाणारा स्थानिक माणूस असला म्हणजे आईचे अर्धे भय जाते. सातारा, सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकात जाणाऱ्यांसाठी असे कोणी सापडेलच असे नाही. त्यांस कार्डाचाच आधार.

टोचणीच्या दिवशी वेळेवर जाण्याचेही कारण आहे. लसी दोन ते आठ अंश उष्णतेत, बर्फाच्या पेटीतून आणाव्या लागतात. गोवर-रुबेलाची कुपी एकदा पातळ केली की चार तासांत वापरावी लागते, उरली तर फेकावी लागते. म्हणून दुपार टळल्यावर गेलेल्या आईस नर्सबाईने पुढच्या वारी बोलाविले तर तो तिचा आडमुठेपणा समजू नये. थोडी सर्दी किंवा किरकोळ जुलाब असला तरी लस देता येते. कडक ताप असेल तर नर्सबाईस सांगावे. टोचल्यावर अर्धा तास तेथेच बसावे. पेंटाव्हॅलंटनंतर रात्री अंग तापणे व मांडी सुजणे हे पुष्कळदा होते व एक-दोन दिवसांत जाते. औषध किती द्यावे ते नर्सबाई सांगते. टोचलेल्या जागी तंबाखूचा चुरा, हळद, शेण काही लावू नये. बीसीजीची जागा काही आठवड्यांनी पिकून फुटते, ती तशीच सुकू द्यावी.

मात्रा चुकली म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते हा समज खोटा आहे. जेथे थांबले तेथून पुढे न्यावयाचे असते. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत देता येते, त्रिगुणी सात वर्षांपर्यंत. पेंटाव्हॅलंटची पहिली मात्रा मात्र वर्षाच्या आत झाली पाहिजे. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शिधापत्रिकेबरोबर ठेवावे, आणि निघताना घरी पेटीत न ठेवता आईने बरोबर न्यावे. त्याचे छायाचित्र मोबाइलमध्ये काढून ठेवले तर अधिक बरे. खोपीस आग लागून किंवा पावसात ते गेलेच, तर गावच्या उपकेंद्रातील नोंदवहीत ती माहिती असते व नवे कार्ड मिळते. कोठेच नोंद सापडली नाही तर लस दिली नाही असे धरून वयाप्रमाणे पुन्हा देतात; एखादी मात्रा जास्त झाल्याने मुलास अपाय होत नाही.